गाडीचे व्हील अलाइनमेंट : समजून कसे घ्यावे आणि स्वतः कसे मोजावे

गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढ घेऊ लागली, स्टिअरिंग किंचित तिरके धरल्याखेरीज सरळ जाईनाशी झाली किंवा टायर एकाच कडेने झिजू लागले, की आपण अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करून घेतो. काम झाल्यावर हातात आकड्यांनी भरलेला एक छापील कागद येतो, आणि नेमके काय बिघडले होते, काय बदलले व काय तसेच राहिले, हे न कळताच आपण गाडी घेऊन निघतो. तो कागद वाचता यावा आणि त्यावरचे महत्त्वाचे आकडे दोरा, मोजपट्टी व कोनमापक यांच्या साहाय्याने स्वतः पडताळता यावेत, एवढ्यासाठी हा लेख आहे.

मोजणे आणि दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले काम हातात पुरते बसल्याशिवाय नवशिक्याने दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अलाइनमेंटमधले फरक एक-दोन मिलिमीटरचे असतात, आणि जमिनीचा उतार, वाकलेली रिम किंवा तिरकी धरलेली मोजपट्टी यांमुळे तेवढी चूक मोजतानाच सहज होते. म्हणून प्रत्येक माप तीन वेळा घ्यावे, आणि तिन्ही आकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळत नसतील तर त्या मापावर विसंबून एकही नट सैल करू नये.

१. आधी तीन कोन ओळखा

पहिला कोन टो. गाडीकडे वरून पाहिले असे समजा. एकाच आसावरच्या दोन चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींकडे कलल्या असतील, म्हणजे पावले आत टाकत चालणाऱ्या माणसासारखी चाकांची स्थिती असेल, तर तो टो-इन. पुढच्या कडा बाहेर फाकलेल्या असतील तर टो-आउट. टायरच्या झिजेशी सर्वांत जवळचा संबंध याच कोनाचा आहे. एखादे चाक गाडीच्या जाण्याच्या दिशेपेक्षा १ अंशाने तिरके असेल, तर भूमितीच्या हिशोबाने ते दर किलोमीटरला सुमारे १७ मीटर आडवे ओढले जाते. कोन अवघा ०.१ अंश असला तरी ही आडवी ओढ किलोमीटरमागे पावणेदोन मीटरच्या घरात जाते. गाडी टायर खाते असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हेच घडत असते.

दुसरा कोन कॅम्बर. गाडी समोरून पाहिली असता चाकाचा वरचा भाग आत कललेला असेल तर कॅम्बर उणे, बाहेर कललेला असेल तर अधिक. जास्त उणे कॅम्बरमुळे टायरची आतली कड झिजते आणि जास्त अधिक कॅम्बरमुळे बाहेरची. कॅम्बर असलेले चाक कललेल्या बाजूला वळू पाहते, त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांच्या कॅम्बरमध्ये फरक असेल तर ज्या बाजूचा कॅम्बर अधिकाकडे झुकलेला आहे, त्या बाजूला गाडी ओढ घेते.

तिसरा कोन कॅस्टर. हा समजायला सर्वांत अवघड, कारण तो चाकाचा कोन नसून ज्या अक्षाभोवती चाक स्टिअरिंगबरोबर वळते, त्या अक्षाचा कोन आहे. गाडी बाजूने पाहिली असता हा अक्ष वरच्या टोकाला मागे रेललेला असेल तर कॅस्टर अधिक. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते, वेगात गाडी रेषेत टिकते, यामागे मोठा वाटा कॅस्टरचा असतो. दोन बाजूंचा कॅस्टर असमान असेल तर ज्या बाजूचा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. सरळ चालताना कॅस्टरमुळे टायर मात्र झिजत नाहीत.

याशिवाय चौथी गोष्ट म्हणजे मागच्या चाकांची दिशा, जिला थ्रस्ट अँगल म्हणतात. मागच्या दोन चाकांचा टो असमान असेल तर ती दोन्ही मिळून गाडीला किंचित तिरक्या दिशेने ढकलतात. अशा वेळी पुढची चाके कितीही अचूक जुळवली तरी स्टिअरिंग तिरकेच राहते. केवळ पुढची चाके मोजून अलाइनमेंट झाले असे मानणे म्हणूनच अपुरे आहे.

२. दुखणे अलाइनमेंटचेच आहे ना, ते तपासा

ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर तो दोष सहसा चाकांच्या बॅलन्सिंगचा असतो, अलाइनमेंटचा नव्हे. या दोन कामांची गल्लत फार होते. बॅलन्सिंगमध्ये चाकावर लहान वजने लावून फिरणाऱ्या चाकाचा तोल साधतात. अलाइनमेंटमध्ये चाकाच्या कोनांचा विचार होतो.

गाडी ओढत असेल तर सर्वांत आधी चारही टायरमधील हवा तपासा, कारण एका बाजूची हवा कमी असली तरी गाडी तिकडे ओढते. ब्रेक एका चाकाला घासत असेल तरीही तसेच होते. थोडे अंतर चालवून थांबल्यावर एका रिममधून इतरांपेक्षा जास्त धग जाणवली तर संशय ब्रेकवर घ्यावा. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून रस्ते कडांकडे उतरते बांधतात, त्यामुळे गाडी कडेकडे किंचित सरकणे स्वाभाविक आहे. टायरच्या बांधणीतल्या दोषामुळेही ओढ येते. टायर ठरावीक दिशेनेच फिरण्यासाठी बनवलेले नसतील तर पुढची दोन चाके आपसांत बदलून पाहा. ओढ बाजू बदलून दुसरीकडे गेली, तर दोष टायरचा आहे.

झिजेचे वाचन डोळ्यांपेक्षा हाताने चांगले होते. गाडी उभी करून चाके थंड होऊ द्या, टायरवर खिळा किंवा तार रुतलेली नाही हे पाहा आणि मग तळहात टायरच्या पृष्ठभागावरून आडवा, आधी बाहेरून आत आणि नंतर आतून बाहेर असा फिरवा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकत असेल आणि उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची धार बोटांना टोचत असेल, तर चाक आडवे घासले जात आहे, म्हणजेच टो बिघडला आहे. डोळ्यांना टायर अजून ठीक दिसत असतानाही ही धार जाणवू लागते. धार न टोचता एकच कड सपाट झिजली असेल तर कॅम्बर पाहावा. दोन्ही कडा झिजून मधला पट्टा शाबूत असेल तर गाडी कमी हवेवर चालली आहे, आणि फक्त मधला पट्टा झिजला असेल तर जास्त हवेवर.

३. कागदपत्रे आणि साधने

कागदपत्रांमध्ये सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी उत्पादकाने दिलेली टो, कॅम्बर व कॅस्टरची मापे आणि त्यांतली अधिक-उणे सूट. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत ही मापे बहुधा नसतात. ती कार्यशाळेसाठीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. ही मापे रिकाम्या गाडीची आहेत की ठरावीक वजन ठेवलेल्या गाडीची, इंधनाची टाकी भरलेली धरली आहे का, हेही तिथेच दिलेले असते आणि ते वाचायचे राहून जाते. आधीच्या अलाइनमेंटचा छापील कागद असेल तर तोही जवळ ठेवा.

साधने पुढीलप्रमाणे लागतील :

- बारीक पण न ताणणारा मजबूत दोरा. मासेमारीचा किंवा गवंड्याचा दोरा चालतो
- गाडीच्या रुंदीपेक्षा लांब असे दोन सरळ पाइप आणि ते ठेवण्यासाठी चार सारख्या उंचीचे आधार
- शून्याची खूण अगदी टोकापासून सुरू होणारी, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची मोजपट्टी
- मोजण्याची टेप, खडू, बारीक टोकाचा मार्कर
- ०.१ अंशापर्यंत वाचन देणारा डिजिटल कोनमापक. तो नसेल तर ओळंबा
- पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी
- हवेचा दाब मोजणारा गेज
- जॅक, जॅक स्टँड आणि चाकांना लावायच्या उटी
- चाकांखाली ठेवण्यासाठी गुळगुळीत फरशीचे किंवा पत्र्याचे आठ तुकडे व थोडे ग्रीस

शेवटच्या वस्तूचा उपयोग असा : दोन तुकड्यांमध्ये ग्रीस लावून ती जोडी चाकाखाली ठेवली की चाक मोकळेपणाने वळू आणि सरकू शकते. नुसत्या जमिनीवर टायर घट्ट पकड घेतो, सस्पेन्शन अर्धवट ताणलेल्या अवस्थेत अडकते आणि मापे खोटी येतात.

४. जमीन, हवा आणि सांधे

लेव्हलच्या नळीने चारही चाकांच्या जागांची उंची मोजा आणि लिहून ठेवा. टो मोजताना थोडा उतार चालून जातो, पण कॅम्बरसाठी तो घातक आहे. डाव्या-उजव्या चाकांमध्ये १५०० मिमी अंतर असलेल्या गाडीखाली एका बाजूची जमीन १० मिमी खाली असेल, तर सुमारे ०.३८ अंशाचा फरक दोन्ही चाकांच्या वाचनात उलटसुलट दिसतो. खालच्या बाजूला फरशीचे तुकडे रचून जागा सारखी करता येते.

हवा उत्पादकाने सांगितलेल्या दाबाने आणि टायर थंड असतानाच भरावी. डिकीतले जादा सामान काढावे. एकाच आसावर वेगवेगळ्या मापाचे किंवा फारच असमान झिजलेले टायर असतील, तर मोजण्यात अर्थ नाही.

त्यानंतर सांधे. चाक जमिनीपासून उचलून, गाडी जॅक स्टँडवर नीट टेकवून, चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवा. खडखड जाणवली तर टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, सांध्यावर संशय येतो. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) किंवा चाकाची बेअरिंग पाहावी लागते. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या भुजेचे, रबरी बुश फाटलेले नाहीत, स्प्रिंग तुटलेली किंवा खचलेली नाही, हेही पाहा. सैल सांध्यांच्या गाडीत आज मोजलेला कोन उद्या राहत नाही. तिथे आधी सुटा भाग बदलणे आणि मग मोजणे हाच क्रम आहे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही परिस्थितीत शिरू नका.

रिम आउट, म्हणजे वाकलेली, आहे का, तेही याच वेळी पाहून घ्यावे. चाक उचललेले असतानाच रिमच्या कडेजवळ एक स्थिर टोक धरा, चाक हळूहळू फिरवा आणि रिम कुठे सर्वांत बाहेर येते तिथे टायरवर खडूने खूण करा. टो मोजताना ही खूण सर्वांत वर ठेवावी, कॅम्बर मोजताना ती पुढे ठेवावी. असे केल्याने मोजण्याच्या दोन्ही बिंदूंवर रिमचे वाकणे सारखेच पडते आणि मापात शिरत नाही.

५. गाडी मोजण्याच्या स्थितीत आणणे

जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. चाके लटकलेली असताना आत ओढली गेलेली असतात आणि उतरवल्यावर ती तशीच अडकून राहतात. गाडी काही मीटर मागे-पुढे न्या, शेवटी पुढच्या दिशेने हळू आणून ग्रीस लावलेल्या तुकड्यांवर थांबवा, पुढून व मागून दोन-तीन वेळा दाबून झुलू द्या. थांबण्यासाठी शक्यतो ब्रेक जोरात मारू नका.

स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेढे फिरते ते मोजा आणि बरोबर मध्यावर आणा. तिथे स्टिअरिंगचा दांडा आडवा सरळ येत नसेल, तर तशी नोंद करा. ती पुढे उपयोगी पडते. मग स्टिअरिंग सीटला पट्ट्याने बांधून टाका, म्हणजे मोजताना ते हलणार नाही. वळणावर आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावे अशी रचना स्टिअरिंगमध्ये मुद्दाम केलेली असते. घोड्यांच्या गाड्यांसाठी तिचे पेटंट रुडॉल्फ अॅकरमन यांनी १८१८ साली घेतले आणि तिला आजही त्यांचेच नाव आहे. या रचनेमुळे स्टिअरिंग बरेच वळलेले असताना घेतलेले टो-माप खऱ्यापेक्षा टो-आउटकडे झुकलेले येते.

६. टो मोजणे

सुरुवात खुणांच्या पद्धतीने करावी. ती सोपी आहे आणि रिमच्या वाकण्याचा दोष तिच्यात आपोआप निघून जातो. दोन्ही पुढच्या टायरांच्या मागच्या बाजूस, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, टायरच्या पृष्ठभागावर बारीक खूण करा आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजा. आता गाडी पुढे ढकला. चाके अर्धा वेढा फिरून त्याच खुणा पुढच्या बाजूस तेवढ्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजा. पुढचे अंतर मागच्यापेक्षा कमी असेल तर टो-इन, जास्त असेल तर टो-आउट. टेपच्या दोन टोकांना दोन माणसे हवीत, आणि टेप इंजिनखालच्या कोणत्याही भागाला टेकता कामा नये. ही पद्धत दोन चाकांचा एकत्र टो देते. कोणते चाक किती तिरके आहे, हे तिच्यातून कळत नाही.

त्यासाठी दोऱ्याची पद्धत. दोन पाइप घ्या आणि दोन्हींवर एकाच अंतराने दोन-दोन खाचा करा, म्हणजे त्यांना बांधलेले दोरे आपोआप समांतर राहतील. एक पाइप गाडीच्या पुढे आणि एक मागे, आधारांवर असा ठेवा की दोरे चाकांच्या मध्याच्या उंचीवर, गाडीच्या दोन्ही बाजूंनी ताठ जातील आणि टायरला किंवा पत्र्याला कुठेही स्पर्श करणार नाहीत. आता प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून दोऱ्यापर्यंतचे अंतर मोजा. पुढच्या दोन चाकांचे अंतर आपसांत सारखे आणि मागच्या दोन चाकांचे आपसांत सारखे येईपर्यंत पाइप डावी-उजवीकडे सरकवत राहा. पुढे सरकवले की मागचे थोडे बदलते, त्यामुळे हे काही फेऱ्यांत जुळते. इथे घाई करू नका, कारण यापुढची सगळी मापे याच जुळणीवर उभी आहेत.

या टप्प्यावरचा नेहमीचा सापळा म्हणजे चारही चाकांचे अंतर एकसारखे करण्याचा प्रयत्न. पुष्कळ गाड्यांत पुढच्या दोन चाकांमधले अंतर आणि मागच्या दोन चाकांमधले अंतर वेगळे असते. त्यामुळे पुढच्या हबपासून दोरा १४० मिमीवर आणि मागच्या हबपासून १४८ मिमीवर असणे अगदी योग्य असू शकते. सारखेपणा डाव्या-उजव्यात हवा, पुढच्या-मागच्यात नव्हे.

दोरे जुळले की स्टीलची मोजपट्टी आडवी धरून तिचे शून्याचे टोक रिमच्या पुढच्या कडेला टेकवा आणि दोरा जिथे पट्टीला छेदतो तिथले माप, डोळा थेट वर ठेवून, वाचा. तसेच मागच्या कडेचे. दोरा चाकाच्या बाहेरून जात असल्यामुळे पुढच्या कडेचे माप मागच्या कडेपेक्षा जास्त असेल तर ते चाक टो-इन आहे.

एक उदाहरण घेऊ. रिमच्या दोन बिंदूंमधले अंतर ३८० मिमी आहे. डाव्या चाकाची पुढची कड दोऱ्यापासून १५२.० मिमी आणि मागची १५०.५ मिमी, म्हणजे १.५ मिमी टो-इन. उजव्या चाकाची पुढची कड १४९.० मिमी आणि मागची १५०.५ मिमी, म्हणजे १.५ मिमी टो-आउट. एकत्र टो शून्य. याचा अर्थ दोन चाके एकमेकांना समांतर आहेत, फक्त दोन्ही उजवीकडे वळलेली आहेत. स्टिअरिंग बरोबर मध्यावर बांधलेले असेल, तर या गाडीचे स्टिअरिंग सरळ जाताना डावीकडे फिरलेले दिसेल, पण निव्वळ या कारणाने टायर झिजणार नाहीत. खुणांच्या पद्धतीने याच गाडीत काहीच दोष आढळला नसता.

मागच्या चाकांची मापेही याच रीतीने घ्या. डाव्या मागच्या चाकाच्या टोमधून उजव्याचा वजा करून निम्मे केले की थ्रस्ट अँगल मिळतो, टो-इन अधिक आणि टो-आउट उणे धरून. उत्तर शून्याजवळ यायला हवे. ते बरेच दूर असेल आणि मागचा आस एकसंध, जुळवणीची सोय नसलेला असेल, तर आस वाकला आहे किंवा त्याचे बुश गेले आहेत, अशी शक्यता धरून कुशल माणसाला दाखवावे.

७. कॅम्बर मोजणे

एक सरळ पट्टी रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला उभी टेकवा आणि तिच्यावर कोनमापक ठेवा. पट्टी टायरला टेकता कामा नये, कारण गाडीच्या वजनाने टायर खालच्या बाजूला फुगलेला असतो. कोनमापक नसेल तर रिमच्या वरच्या कडेजवळून ओळंबा सोडा आणि वरच्या व खालच्या कडेचे दोऱ्यापासूनचे अंतर मोजा. ३८० मिमी अंतरावर १ अंश म्हणजे सुमारे ६.६ मिमी, एवढे लक्षात ठेवले की फरकाचा कोन काढता येतो.

उताराची दुरुस्ती करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे एकदा मोजून झाल्यावर गाडी उलट्या तोंडाने त्याच जागी उभी करून पुन्हा मोजणे आणि प्रत्येक चाकाच्या दोन वाचनांची सरासरी काढणे. कष्ट दुप्पट होतात, पण जमिनीचा आडवा उतार पूर्णपणे बाजूला पडतो.

८. कॅस्टर मोजणे

कॅस्टर थेट मोजता येत नाही. चाक वळवल्यावर कॅम्बर किती बदलतो त्यावरून तो काढतात. चाकांखाली ग्रीस लावलेले तुकडे असलेच पाहिजेत, आणि चाक जागेवरून घरंगळू नये म्हणून ब्रेकचे पेडल लाकडी दांड्याने दाबून ठेवावे. जमिनीवर खडूने २० अंशांच्या रेषा आखा. चाकाची पुढची कड २० अंश बाहेर वळवून कॅम्बर वाचा, मग सरळ स्थितीतून २० अंश आत वळवून पुन्हा वाचा. पहिल्या वाचनातून दुसरे वजा करा आणि उत्तराला १.४६ ने गुणा. बाहेर वळवल्यावर कॅम्बर अधिक १.४ अंश आणि आत वळवल्यावर उणे १.६ अंश आला, तर फरक ३.० अंश आणि कॅस्टर सुमारे ४.४ अंश.

कोनमापकातली ०.१ अंशाची चूकही इथे गुणाकारामुळे वाढते. म्हणून घरी काढलेल्या कॅस्टरचा उपयोग मुख्यतः डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करण्यासाठी करावा, आणि बारीक फरकावरून निष्कर्ष काढू नये.

९. आकडे वाचताना होणारी फसगत

छापील कागदावर कोन दोन प्रकारे लिहिलेले असतात आणि दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे असतात. एक प्रकार दशांशाचा, दुसरा अंश आणि मिनिटांचा. एका अंशात ६० मिनिटे असल्यामुळे ०.१५ अंश म्हणजे ९ मिनिटे. पण ० अंश १५ मिनिटे म्हणजे ०.२५ अंश. मॅन्युअलमधले माप एका प्रकारात आणि यंत्राचे दुसऱ्या प्रकारात असेल, तर बरोबर असलेली गाडी चूक ठरते किंवा उलट होते. तुलना करण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच प्रकारात लिहून घ्या.

मिलिमीटरमधला टो कोणत्या व्यासावर मोजला आहे, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. १ अंशाचा टो ३८० मिमीच्या रिमवर ६.६ मिमी दिसतो आणि ६०० मिमीच्या टायरवर सुमारे १०.५ मिमी. त्याचप्रमाणे दिलेला आकडा एका चाकाचा आहे की दोन्ही चाकांचा मिळून आहे, ते पाहा. एकत्र टो हा दोन चाकांच्या टोची बेरीज असतो.

१०. टो दुरुस्त करायचा असल्यास

पुष्कळ गाड्यांत पुढच्या चाकांचा टो तेवढा सहज जुळवता येतो. कॅम्बर आणि कॅस्टरसाठी सोय असेलच असे नाही. जिथे सगळे कोन जुळवता येतात तिथे क्रम ठरलेला आहे : आधी मागचा कॅम्बर व टो, मग पुढचा कॅस्टर, मग कॅम्बर आणि सर्वांत शेवटी पुढचा टो. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, म्हणून हा क्रम उलटा करू नये.

टाय रॉडचा लॉकनट (रॉडची लांबी पक्की धरून ठेवणारा नट) सैल करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना रंगाची खूण करा आणि बाहेर दिसणारे आटे मोजून लिहा. रॉडवरच्या रबरी आवरणाची क्लिप ढिली करा, नाहीतर रॉडबरोबर आवरणही पिळवटते. स्टिअरिंग आर्म, म्हणजे टाय रॉड चाकाला जिथे जोडलेला असतो ती भुजा, आसाच्या मागे असेल तर टाय रॉड लांब केल्यावर टो-इन वाढतो. आर्म पुढे असेल तर टो-आउट वाढतो. आट्यांचे अंतर १.५ मिमी आणि आर्मची लांबी १३० मिमी धरली, तर एका पूर्ण वेढ्यात चाक सुमारे ०.६६ अंश वळते, म्हणजे ३८० मिमीच्या रिमवर ४.४ मिमी. एका वेळी पाव वेढ्यापेक्षा जास्त फिरवू नये, असे मी सांगतो ते याच हिशोबावरून. एकत्र टो बदलायचा असेल आणि स्टिअरिंग सरळ असेल, तर दोन्ही बाजूंना सारखेच फिरवा. एकाच बाजूला फिरवल्यास टो जुळतो पण स्टिअरिंग तिरके होते. वरच्या उदाहरणासारखे फक्त स्टिअरिंग तिरके असेल, तर एक बाजू जेवढी लांब कराल तेवढीच दुसरी आखूड करा.

प्रत्येक बदलानंतर गाडी मागे-पुढे नेऊन पुन्हा मोजा. लॉकनट आवळताना सांधा दुसऱ्या पान्याने धरून ठेवा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा. खुणांपासून बरेच दूर जावे लागत असेल, दोन बाजूंच्या उरलेल्या आट्यांत मोठा फरक पडत असेल, तर काहीतरी वाकलेले आहे, तिथे थांबा.

११. यंत्रावर काम करून घेताना

इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरू लागली तर ती सावरणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा कोन सेन्सरने मोजला जातो, आणि लेन ओळखणाऱ्या कॅमेऱ्याच्या गाडीत कॅमेऱ्याची दिशाही महत्त्वाची असते. अशा गाड्यांत अलाइनमेंट बदलल्यानंतर सेन्सरचा शून्य बिंदू नव्याने नोंदवावा लागू शकतो आणि काही मॉडेल्समध्ये कॅमेऱ्याचीही जुळवणी करावी लागते. त्यासाठी योग्य यंत्र असलेल्या ठिकाणीच जावे. अपघातानंतर किंवा सस्पेन्शनचा मोठा भाग बदलल्यावरही घरगुती मोजमापावर थांबू नये.

तिथे गेल्यावर चार गोष्टी आवर्जून पाहा. काम सुरू करण्यापूर्वी टायरमधील हवा तपासली का. यंत्रात तुमच्या गाडीचे नेमके मॉडेल आणि वर्ष निवडले का. चाकांवर पकडी बसवल्यावर रिमच्या वाकण्याची दुरुस्ती करण्यासाठी गाडी थोडी मागे-पुढे नेली किंवा चाके फिरवली का. आणि चारही चाके मोजली का. दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे असलेला कागद मागून घ्या. फक्त नंतरचे आकडे असतील तर काय बदलले ते कळणार नाही. त्या कागदाच्या पाठीमागे तारीख, गाडीचे एकूण किलोमीटर, टायरमधील हवा, टाकीतले इंधन आणि तुम्ही आदल्या दिवशी घरी घेतलेली मापे लिहून ठेवा. दोन्ही मापांत जो फरक राहील तो तुमच्या साधनांचा व जागेचा फरक आहे, आणि पुढच्या वेळी त्याच जागेवर, त्याच साधनांनी मोजताना तो तेवढा वजा करता येईल.